५०/६०: एका तिरक्या रेघेमागचा जपान

जपानला कामासाठी जायचं ठरलं की तिकिटाच्याही आधी एक पीडीएफ येते. कधी ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्ककडून, कधी एखाद्या बँकेच्या साइटवरून, कधी आधी जाऊन आलेल्या सहकाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ढकललेली. दहा-बारा पानं. राजधानी, लोकसंख्या, चलन, वेळेतला फरक, हवामान, वीज, सुट्ट्या, व्हिसा, टॅक्सी, टिप द्यायची की नाही, पोलिसांसाठी ११० आणि ॲम्ब्युलन्ससाठी ११९. शेवटी 'बिझनेस एटिकेट' नावाचं प्रकरण, ज्यात व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं असं हमखास लिहिलेलं असतं. देश बदलला तरी सांगाडा तोच राहतो. जपानच्या जागी जर्मनी घाला, कार्डाच्या जागी वक्तशीरपणा येतो. बाकी रकाने तसेच.

अशा पुस्तिका मी बऱ्याच वाचल्या आहेत. सुरुवातीला गरज म्हणून, नंतर सवयीने. या लेखनाची समीक्षा कुणी करत नाही, कारण त्याला कुणी लेखन समजत नाही. प्रवासवर्णनावर आपल्याकडे परिसंवाद होतात. पण हिशेब करून बघा: पु. ल. देशपांड्यांच्या 'पूर्वरंग'मधला जपान वाचून तोक्योला उतरणारे आज किती असतील, आणि फक्त ही पीडीएफ वाचून उतरणारे किती? परदेशी कामाला जाणाऱ्या माझ्या वयाच्या अनेकांनी त्या देशाबद्दल सलग वाचलेला सर्वांत मोठा मजकूर हाच असतो. तेव्हा त्याला मजकूर म्हणूनच वाचायला हवं. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आणि काय गाळतंय?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या पुस्तिकांचा जो कंटाळवाणा भाग आपण अंगठ्याने वर सरकवतो (व्होल्ट, तारखा, सुट्ट्या) त्यात देश असतो, फक्त तो सावकाश वाचावा लागतो. आणि जो भाग आपण आवडीने वाचतो, 'जपानी माणूस असा असतो' हा, तो सर्वांत पोकळ असतो. त्या पोकळपणाची किंमत पुस्तिका लिहिणारा मोजत नाही. ती ऑफिसात बसलेला, ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस मोजतो.

सही नसलेला मजकूर

या प्रकाराचं खानदान जुनं आहे. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशनाने १८३६ साली हॉलंड, बेल्जियम, जर्मनी वगैरे भागांसाठी हँडबुक काढलं. जर्मनीतल्या कोब्लेंट्सच्या कार्ल बेडेकरने त्याच काळात आपली मार्गदर्शकं सुरू केली आणि पुढे बघण्यासारख्या जागांना तारे द्यायला लागला. आज हॉटेलला आपण देतो ते रेटिंग तिथपर्यंत मागे जातं. मरेच्या मालिकेत १८५९ साली आपलाही नंबर लागला, मुंबई आणि मद्रास इलाख्यांसाठी.

जपानचं पहिलं भरीव इंग्रजी हँडबुक १८८१चं. अर्नेस्ट सॅटो हा ब्रिटिश वकिलातीतला अधिकारी आणि हॉज हा नौदलातला माणूस, अशा दोघांनी ते लिहिलं. पुढे ते मरेच्या मालिकेत गेलं, आणि १८९१च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यावर बेसिल हॉल चेंबरलेन आणि मेसन अशी नावं आली. चेंबरलेन म्हणजे तोक्योच्या विद्यापीठात जपानी भाषाशास्त्र शिकवणारा, 'कोजिकी' हा जपानचा प्राचीन ग्रंथ इंग्रजीत आणणारा माणूस. हॉटेल कुठे मिळेल हे सांगणाऱ्या पुस्तकामागे असा अभ्यासक उभा होता. त्याचे पूर्वग्रह होते, साम्राज्याच्या काळातला गोरा माणूस होता तो. पण त्याच्याशी भांडता येतं. त्याचं नाव मुखपृष्ठावर आहे.

तेव्हाच्या 'व्हिसा' प्रकरणात काय असायचं तेही बघण्यासारखं आहे. योकोहामा, कोबे यांसारख्या ठरावीक बंदरांबाहेर जायला परदेशी माणसाला देशांतर्गत पासपोर्ट लागायचा. त्यासाठी प्रकृतीसाठी हवापालट किंवा शास्त्रीय अभ्यास असं कारण दाखवावं लागायचं. व्यापार हे कारण चालायचं नाही. ही पद्धत १८९९पर्यंत होती. म्हणजे आजच्या पुस्तिकेतला 'बिझनेस ट्रॅव्हलर' हा प्राणी त्या जपानमध्ये बंदर सोडून आत गेला तर बेकायदा ठरला असता.

मग जपाननेच पाहुण्यांसाठी लिहायला घेतलं. १८९३मध्ये परदेशी प्रवाशांच्या स्वागतासाठी 'किहिनकाई' नावाची संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत शिबुसावा एइइची हे उद्योगपती होते. जुलै २०२४पासून दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचा चेहरा आहे, ते हेच. पुस्तिकेत 'चलन: येन' एवढंच लिहिलेलं असतं. विमानतळावर नोटा हातात येतात तेव्हा पाहुण्यांची सोय लावणारा माणूसच आपल्याकडे बघत असतो.

या सरकारी लेखनाचं शिखर म्हणजे जपानच्या शाही रेल्वेने १९१३ ते १९१७ या काळात इंग्रजीत काढलेलं पाच खंडांचं पूर्व आशियाचं अधिकृत मार्गदर्शक. गाड्या, हॉटेलं, नकाशे, सगळं नेमकं आणि व्यवहारी. फक्त खंडांचा क्रम बघा. पहिला खंड मांचुरिया आणि चोसेन यांचा. चोसेन म्हणजे कोरिया, जो १९१०मध्ये जपानने गिळंकृत केला होता. जपानचे स्वतःचे दोन खंड त्यानंतर आले. गाडी किती वाजता सुटते एवढंच सांगणाऱ्या पुस्तकाने ती गाडी कुणाच्या जमिनीवरून जाते हा प्रश्न निकालात काढला होता, तोही एक शब्द न वापरता. 'आम्ही फक्त उपयोगाची माहिती देतो' असं म्हणणारा मजकूर राजकारणाबाहेर असतो, हा समज त्या पाच खंडांसमोर टिकत नाही.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९५७च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात 'गिद ब्ल्य' या प्रवासमार्गदर्शकांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यांची तक्रार अशी की असं पुस्तक देशाचे चर्चेस आणि स्मारकं करून टाकतं, आणि तिथल्या माणसांचे नमुने. आजच्या बिझनेस पुस्तिकेत स्मारकं गेली. वेळ कुणाला आहे? नमुने मात्र राहिले. आणि त्यांच्या शेजारी आकडे आले, ज्यांच्याबद्दल बार्त यांना बोलायची गरज पडली नव्हती. आधी त्या आकड्यांकडे वळू.

कंटाळवाणी ओळ

जपानच्या प्रत्येक पुस्तिकेत ही ओळ असते: वीज १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, दोन चपट्या पिनांचा प्लग.

मधली तिरकी रेघ बघा. 'किंवा' असा तिचा अर्थ आपण धरतो आणि पुढे जातो. पण एका देशात विजेची फ्रिक्वेन्सी दोन प्रकारची कशी? १८९५मध्ये तोक्योच्या वीज कंपनीने जर्मनीच्या एईजीकडून जनरेटर घेतले, ते ५० हर्ट्झचे. पुढच्याच वर्षी ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतले, ते ६०चे. दोन शहरं, दोन खरेदी ऑर्डरी. मग जाळं पसरत गेलं आणि दोन्हीकडचा खर्च इतका झाला की माघार परवडेना. आजही शिझुओकामधली फुजी नदी ते नीगातामधलं इतोइगावा अशी ढोबळ रेषा काढली, तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. आमच्या क्षेत्रात जुन्या सिस्टीमबद्दल 'तेव्हा घाईत घेतलेला निर्णय' असं म्हणतात. तसा एक निर्णय सव्वाशे वर्षं देशाच्या मधोमध बसून आहे.

१९६४मध्ये तोक्यो-ओसाका शिनकानसेन सुरू झाली. ती या रेषेवरून जाते. गाडीने मध्येच फ्रिक्वेन्सी बदलण्यापेक्षा संपूर्ण मार्ग ६० हर्ट्झवर ठेवला आणि तोक्योच्या बाजूला ५०चे ६० करणारी केंद्रं उभारली. पाहुणा खिडकीतून फुजी दिसतो का बघत असतो, आणि त्याच सुमारास ती रेषा मागे पडते.

मग ११ मार्च २०११. भूकंप, त्सुनामी, फुकुशिमा. फुकुशिमा दाइइची या एका केंद्राची क्षमता जवळपास ४७ लाख किलोवॅट होती, आणि बंद पडलेलं ते एकटंच नव्हतं. तोक्यो आणि आसपासच्या भागात पाळीपाळीने वीज बंद करायची वेळ आली. पश्चिम जपानची केंद्रं धडधाकट होती, पण तिथली वीज ६०ची. ती ५०ची करून पूर्वेला पाठवायची सोय तेव्हा सुमारे १० लाख किलोवॅटचीच होती. आपण अंगठ्याने सरकवलेली तिरकी रेघ त्या मार्चमध्ये लाखो घरांत अंधार म्हणून उतरली. नंतर ही क्षमता वाढवण्यात आली. रेषा आहे तिथेच आहे.

आता तुमच्या लॅपटॉपचा चार्जर उलटा करून बघा. इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. तीच तिरकी रेघ. जगाने एकमेकांना न विचारता केलेल्या खरेद्यांची ती नोंद आहे, आणि तुमचा चार्जर ती मुकाट्याने सांभाळून घेतो.

पुण्याहून निघताना आईने दिलेली साधी कॉइलची इलेक्ट्रिक किटली मात्र सांभाळून घेत नाही. इथे पुस्तिका 'व्होल्टेज वेगळं आहे, काळजी घ्या' एवढंच म्हणते. हिशेब सोपा आहे. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३०च्या जागी १०० व्होल्ट दिले तर उष्णता निम्मी होत नाही, एक पंचमांशाहूनही कमी होते. १५०० वॅटची किटली २८० वॅटच्या आसपास काम करते. ती जळत नाही, बिघडत नाही, नुसती कोमट राहते. मॅगीसाठी पाणी उकळायला चार-पाच मिनिटांऐवजी निदान पंचवीस मिनिटं. आणि आपली लॅपटॉपची तीन गोल पिनांची वायर भिंतीतल्या दोन चपट्या भोकांत बसत नाही, त्यासाठी ॲडॅप्टर इथूनच नेलेला बरा. आकडा असा वापरून दाखवला की तो उपयोगाचा होतो. नुसता छापला की रकाना भरतो.

सुट्ट्यांच्या रकान्याचंही तसंच. जपानमध्ये वर्षाला १६ सार्वजनिक सुट्ट्या आहेत. सोळावी 'पर्वत दिन', २०१६पासून ११ ऑगस्टला. पुढच्याच पानावर 'जपानी लोक अत्यंत कष्टाळू असतात' असं वाक्य येतं आणि दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही. तो जोडायचा तर कायदे वाचायला लागतात. अतिकामाने मृत्यू याला जपानीत 'करोशी' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो रोखण्याच्या उपायांसाठी २०१४मध्ये स्वतंत्र कायदा झाला. २०१८च्या कामगार सुधारणांनी ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा घातली, अपवादात्मक महिन्यातही १०० तासांच्या आत. त्याच सुधारणांनी मालकावर जबाबदारी टाकली की ज्यांना वर्षाला दहा किंवा अधिक पगारी रजा आहेत, त्यांना किमान पाच दिवस रजा घ्यायलाच लावायची. रजा घेऊ द्या असं नव्हे, घ्यायला लावा. 'कष्टाळू' या एका विशेषणाखाली मेलेली माणसं, त्यांच्या कुटुंबांनी लढलेले खटले आणि संसदेतला वाद असं सगळं गाडलं जातं. आणि पाहुणा अभियंता रात्री साडेनऊला जपानी टीम अजून ऑफिसात आहे हे बघून मनात म्हणतो, काय ही शिस्त!

जपानी माणूस म्हणे

आता रंजक भाग. 'जपानी लोकांना सुसंवाद प्रिय असतो.' 'ते थेट नाही म्हणत नाहीत.' 'ते समूहाने विचार करतात.' या वाक्यांचा काळ बघा. सगळी वर्तमानकाळात, आणि तो वर्तमानकाळ कधी सुरू झाला हे कुठेच नाही. व्होल्टची ओळ चुकली तर कुणीतरी दुरुस्त करतं, कारण उपकरण बंद पडतं. ही वाक्यं चुकली तर काहीच बंद पडत नाही.

पण त्यांनाही उगम आहे. एक मोठा झरा म्हणजे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांचं १९४६चं 'द क्रायसँथेमम अँड द सोर्ड'. युद्धकाळात अमेरिकी सरकारसाठी केलेल्या कामातून ते आलं. शत्रू कसा वागेल याचा अंदाज बांधायचा होता. बेनेडिक्ट कधी जपानला गेल्या नव्हत्या, युद्धामुळे जाणं शक्यही नव्हतं. पुस्तक बुद्धिमान आहे आणि जपानमध्येही ते खूप वाचलं गेलं, त्यावर वादही झाले. पण त्या वादांपैकी काहीच पीडीएफपर्यंत पोचत नाही. पोचतो तो फक्त गाळ.

दुसरा झरा आकड्यांच्या वेषात येतो, म्हणून माझ्यासारख्याला जास्त फसवतो. अनेक पुस्तिकांत आणि ट्रेनिंगच्या स्लाइडवर देशाचे 'सांस्कृतिक निर्देशांक' दिलेले असतात: व्यक्तिवाद इतका, अनिश्चिततेची भीती इतकी. हे डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांचं काम. १९८०च्या त्यांच्या पुस्तकाचा पाया म्हणजे १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या सुमारे १ लाख १६ हजार प्रश्नावल्या. एकाच कंपनीची माणसं घेतली की बाकी सगळं सारखं राहतं आणि उरलेला फरक देशाचा, असा त्यामागचा तर्क. २००२मध्ये ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी यावर सविस्तर टीका केली: एका कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांच्या सरासरीला राष्ट्राचा स्वभाव कसं म्हणायचं?

आपल्या बाजूने बघू. मूळ आकड्यांत व्यक्तिवादात जपानला ४६ आहेत आणि भारताला ४८. अमेरिकेला ९१. म्हणजे या मापाने आपण आणि जपानी जवळपास सारखे. तरीही 'समूहवादी जपानी कसे हाताळावेत' ही स्लाइड आपल्याला दाखवली जाते, आणि आपल्याबद्दलची तशीच स्लाइड दुसऱ्या कुणाला. शिवाय भारताचा तो आकडा ज्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरून आला, ती आयबीएम १९७८मध्ये भारत सोडून गेली. मी जन्मायच्या कितीतरी आधी कुणी फॉर्म भरले, आणि माझा स्वभाव ठरला.

व्हिजिटिंग कार्डाचंच घ्या. दोन्ही हातांनी द्या, मिळालेलं वाचा, मीटिंगभर टेबलावर ठेवा, मागच्या खिशात कोंबू नका. सूचना बरोबर आहे. कारण मात्र 'पदाबद्दलचा खोल आदर' असं दिलेलं असतं. खरं तर एक साधं कारणही आहे. जपानी नावं कांजी लिपीत लिहितात आणि त्याच चिन्हांचे उच्चार अनेक होऊ शकतात. तेच लिहिलेलं नाव एकीची युको असेल, दुसरीची हिरोको. ऐकून लिहिता येत नाही, बघून वाचता येत नाही. शिवाय समोरच्याशी बोलताना क्रियापदं कोणती वापरायची हे त्याचं स्थान कळल्याशिवाय ठरत नाही. आपल्याला नव्या माणसाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हे ठरवताना जो क्षणभर अडथळा येतो, त्याच्या कितीतरी पट. म्हणजे कार्ड ही माहिती आहे, आणि मीटिंगमध्ये ती समोर लागते. आदर असतोच, पण आधी गरज आहे. गरज सांगितली की समोरचा आपल्यासारखा माणूस दिसतो. फक्त आदर सांगितला की तो देवळातली मूर्ती होतो.

आणि 'थेट नाही म्हणत नाहीत'? पुस्तिका बजावते की 'केंतो शिमास', म्हणजे 'विचार करतो', याचा अर्थ बहुतेक वेळा नकार असतो. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागतं का? आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय असतं? 'या हं कधीतरी घरी' हे आमंत्रण असतं का? ही वाक्यं ज्याला गूढ वाटतात त्या वाचकासाठी ही पुस्तिका लिहिली गेली, आणि तो वाचक आपण नाही. आपण उसन्या डोळ्यांनी वाचतो आणि मग जपानी माणूस आपल्यालाही उगाचच गूढ वाटायला लागतो.

स्लाइडवर आपण

याची दुसरी बाजू पुण्या-हिंजवडीत, मगरपट्ट्यात बसणाऱ्यांना ओळखीची असेल. भारताबद्दलच्या पुस्तिकाही आहेत. 'भारतीय नाही म्हणत नाहीत.' 'मान हलवण्याचा अर्थ हो किंवा नाही काहीही असू शकतो.' 'वेळेबाबत लवचीक.' परदेशी क्लायंटच्या टीमना हे शिकवलं जातं, आणि कधीकधी त्या स्लाइड आपल्याच मेलबॉक्समध्ये येऊन पडतात. आपल्याबद्दल लिहिलेलं आपण वाचतो, तेव्हा कळतं की जपानी माणसाला त्याच्याबद्दलचं वाचून काय वाटत असेल.

मला यात अपमानापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. अशक्य तारखेला टीम 'हो' म्हणते, तारीख चुकते, आणि मग पलीकडे समजूतदार मान हलते: भारतीय संस्कृती, नाही म्हणणं त्यांना जमत नाही. पण ती तारीख करारात आधीच लिहिलेली होती. नाही म्हणणाऱ्याचं अप्रेझल कुणाच्या हातात होतं? टीममध्ये किती माणसं द्यायची हे कुणी ठरवलं? या 'हो'मागे अतिथी देवो भव नसतं, गृहकर्जाचा हप्ता असतो. 'संस्कृती' हे उत्तर मिळालं की कराराबद्दलचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. जपानी टीम मीटिंगमध्ये गप्प असते तेव्हाही तेच होतं. पुस्तिका म्हणते, शांततेचा आदर करा. कदाचित त्यांना तुमचं इंग्रजी कळलेलं नसतं. कदाचित त्यांच्यावर कामाचा डोंगर असतो. आदर करत बसलात तर ते कधीच कळणार नाही.

या पुस्तिकांवर माझा मुख्य आक्षेप इथे आहे. त्या खोटं बोलतात असं नाही. बरीच निरीक्षणं अर्धी खरी असतात. पण त्या प्रश्न विचारायची गरज संपवतात, आणि कामाच्या जागी न विचारलेला प्रश्न नेहमी खालच्या माणसाच्या अंगावर पडतो.

'तुम्ही' म्हणजे कोण?

शेवटचा मुद्दा संबोधनाचा. इंग्रजी पुस्तिकेत 'बहुतेक पाहुण्यांना छोट्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही' असं वाक्य असतं. सत्तरच्या आसपास देश आणि प्रदेशांतल्यांना जपान ही सवलत देतो. भारत त्यात नाही. म्हणजे व्हिसाच्या रकान्यातच आपल्याला कळतं की 'तुम्ही' आपण नव्हे. जेवणाच्या रकान्यात पुन्हा कळतं. 'शाकाहारी पर्याय वाढत आहेत' म्हणणारा लेखक हे सांगत नाही की नूडल्सच्या रश्शात, मिसो सूपमध्ये, कधी नुसत्या उकडलेल्या भाजीतही 'दाशी' असतो, आणि तो बऱ्याचदा सुकवलेल्या बोनिटो माशाचा काढलेला अर्क असतो. 'मांस नको' म्हटलं की मासा येतो, 'मासा नको' म्हटलं तरी दाशी येतोच. वेगळं विचारावं लागतं.

आणि हा 'तुम्ही' नेहमी परत जाणारा असतो. चार दिवस, फार तर चार आठवडे. मुंबई आणि कोबे यांच्यामध्ये कापसासाठी जहाजसेवा १८९३मध्ये सुरू झाली, जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन या जपानी कंपनीने मिळून. तेव्हापासून आपली माणसं तिथे कामासाठी जातायत. वायटूकेच्या सुमारास भारतीय सॉफ्टवेअरवाले तोक्योच्या निशिकासाई भागात राहायला लागले, कारण तिथून तोझाई लाइनने थेट ओतेमाचीच्या ऑफिसांत जाता येतं. २०१९मध्ये त्याच एदोगावा वॉर्डच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, जपानमध्ये निवडून आलेले पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी. त्याच वर्षी जपानने परदेशी कामगारांसाठी नवा 'विशिष्ट कौशल्य' व्हिसा सुरू केला. शेतात, वृद्धाश्रमांत, बांधकामावर काम करायला लोक येऊ लागले.

यांच्यासाठी पुस्तिकेत रकाना नाही. घर घेताना मालकाला द्यायचे आणि परत न मिळणारे पैसे, 'रेइकिन', यांचा उल्लेख नाही. जामीनदार लागतो याचा नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी 'परदेशी म्हणून नकार मिळाला' असं सांगितलं होतं. हा आकडाही व्यवहारोपयोगीच आहे. मग तो का नसतो? कारण पाहुण्याला देश विनम्र दिसतो आणि भाडेकरूला दार बंद दिसतं, आणि पुस्तिका फक्त पाहुण्याशी बोलते.

मग या पुस्तिका फेकून द्यायच्या का? नाही. त्यांची गरज खरी आहे. रात्री अकराला नारिताला उतरल्यावर कुणाला रोलाँ बार्त नको असतात, प्लग हवा असतो. माझी मागणी छोटी आहे, जी आम्ही कुठल्याही सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनकडून करतो: तारीख घाला, कुणी लिहिलं ते सांगा, नियमासोबत कारण द्या, आणि जे नीट चालत नाही त्याची यादी लपवू नका. तसं केलं तर जपानच्या पुस्तिकेतल्या काही ओळी अशा होतील:

वीज: १०० व्होल्ट. पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०, कारण तोक्यो आणि ओसाकाने वेगवेगळ्या देशांतून जनरेटर आणले. लॅपटॉप चालेल, घरची किटली पाणी कोमट करेल.

कामाचे तास: कायद्याने मर्यादा आहे, २०१९पासून. टीम रात्री उशिरापर्यंत बसलेली दिसली तर कौतुक करण्याआधी विचारा, मुदत कुणी ठरवली?

जेवण: दाशी आहे का, हा प्रश्न जपानीत पाठ करा. 'दाशी वा हाइत्ते इमास का?'

लोक: साडेबारा कोटींच्या आसपास. ज्यांच्याशी काम पडेल त्यांना भेटा, नाव कसं उच्चारायचं ते त्यांनाच विचारा.